आठवीची ताई, तिसरीचं लेकरू: मूल्यशिक्षणासाठी मोठ्या-धाकट्यांचे गट कसे चालवायचे

वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता आणि वैज्ञानिक दृष्टिकोन. ही दहा मूल्यं आपल्याकडच्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर रंगवलेली आहेत आणि तिसरीतलं लेकरू ती एका दमात म्हणून दाखवतं. मग मधली सुट्टी होते, पाण्याच्या टाकीवर गर्दी होते आणि सगळ्यात दांडगं पोरगं सगळ्यांच्या आधी पाणी पितं. मूल्यं शिकवायची खरी जागा ती टाकी आहे. तिथं त्या वेळी गुरुजी नसतात, पण आठवीतली ताई असते.

पुढे दिलेली पद्धत त्या ताईच्या आणि तिच्यासारख्या दादांच्या भरवशावर उभी आहे. मोठ्या वर्गातल्या मुलांनी धाकट्यांचा एक ठरलेला गट वर्षभर सांभाळायचा, आठवड्यातून एकदा अर्धा तास एकत्र बसायचं आणि उरलेले दिवस शाळेत वावरताना त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. जिल्हा परिषदेची शाळा असो, खाजगी अनुदानित असो की आश्रमशाळा, खर्च जवळजवळ शून्य आहे. लागतो तो एका शिक्षकाचा आठवड्याचा तासभर आणि मुख्याध्यापकांचा ठाम पाठिंबा. हे दोन्ही नसेल तर सुरुवात करू नये, कारण ऑगस्टमध्ये बंद पडलेला उपक्रम धाकट्यांना एवढंच शिकवतो की मोठी माणसं शब्द पाळत नाहीत.

बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत २००९ मध्ये सुरू झालेला ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम पुढे राज्यभर गेला. त्यातून जोडीने चर्चा करणं, गटात बसून ठरवणं हे प्रकार अनेक शिक्षकांच्या अंगवळणी पडले आहेत. ज्या शाळेत ती सवय आहे तिथं ताई-दादांचे गट बसवायला निम्मेच कष्ट पडतात.

कोणाला कोणाशी जोडायचं

वयातलं अंतर चार ते पाच वर्षांचं ठेवावं. आठवी-नववी आणि तिसरी-चौथी ही जोडणी सगळ्यात चांगली जमते. अंतर दोनच वर्षांचं असलं तर मैदानावरचं भांडण गटात येतं आणि धाकटा ऐकत नाही. सहा-सात वर्षांच्या पुढे गेलं तर मोठ्याला धाकट्याचं जगच आठवत नाही आणि तो घरातल्या कर्त्या माणसासारखा बोलायला लागतो. दहावीच्या मुलांना यात घेऊ नये. दिवाळीनंतर सराव परीक्षा सुरू झाल्या की ती येईनाशी होतात.

शाळा पहिली ते सातवीची असेल तर सहावी-सातवीच्या मुलांना दुसरीचा वर्ग द्यावा. पहिली ते चौथीच्या वस्तीवरच्या शाळेने जवळच्या हायस्कूलशी बोलावं. मात्र मोठी मुलं चालत दहा-पंधरा मिनिटांत पोचतील आणि सोबत एक शिक्षक येईल एवढंच अंतर धरावं. आठवडी जमलं नाही तर पंधरवड्यातून एकदा, पण वार पक्का.

निवड करताना पहिल्या पाच नंबरची मुलं उचलण्याचा मोह सोडावा. अभ्यासात हुशार पोर धाकट्याचं ऐकून घेईलच असं नाही. एक सोपी कसोटी आहे. तिसरी-चौथीच्या प्रत्येक लेकराला एकेकटं बोलावून विचारावं, “तुझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि वर्गात सांगायची लाज वाटली, तर मोठ्या वर्गातल्या कोणाकडं जाशील?” जी नावं पुन्हा पुन्हा येतात ती आपली ताई आणि दादा. त्यात दोन-तीन नावं शिक्षकांना अनपेक्षित असतात: कायम मागच्या बाकावर बसणारा, गणितात नापास होणारा, पण वाटेत लहान्यांची दप्तरं धरणारा. त्याला नक्की घ्यावं. जबाबदारी मिळाली की असा मुलगा शाळेला धरून राहतो, आणि धाकट्यांनाही कळतं की चांगुलपणा आणि मार्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्यांच्याविषयी लहान मुलांना मारण्याच्या, वस्तू हिसकावण्याच्या तक्रारी आहेत त्यांना पहिल्या वर्षी घेऊ नये. ‘जबाबदारी दिली की सुधारेल’ हा प्रयोग धाकट्यांच्या अंगावर करायचा नाही.

गट असा पाडावा: दोन मोठे, पाच धाकटे. एकास एक जोडी दिसायला छान वाटते, पण मोठा आला नाही की धाकटा रिकामा बसतो, आणि कोणीही मोठं मूल लहान मुलाबरोबर एकटं असणं सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य नाही. तिसरी-चौथीत मिळून चाळीस मुलं असतील तर आठ गट होतात. सोळा मोठे आणि वर तीन राखीव, म्हणजे एकोणीस जण तयार करावेत. राखीव हवेतच. पेरणी, वेचणी, घरचं लग्न, आजारपण यांत दर आठवड्याला कोणी ना कोणी कमी असतं.

सख्खी आणि चुलत भावंडं एका गटात नकोत, एकाच गल्लीतली सगळी नकोत. गावातली, वस्तीवरची, तांड्यावरची मुलं मिसळावीत. ज्या धाकट्याच्या घरी गोरमाटी बोलतात आणि मराठीला तो अजून अडखळतो, त्याच्या गटात एक मोठा तांड्यावरचा असावा. मुलाची भाषा कळणारं माणूस जवळ असलं की पहिल्या महिन्यातलं मौन लवकर सुटतं. मोठ्यांची जोडी दोन मुली किंवा दोन मुलगे अशी ठेवलेली बरी, कारण नववीतला मुलगा आणि मुलगी एकत्र काम करताना दिसली की बाकीचा वर्ग चिडवून ते काम बंद पाडतो. धाकटे मात्र मुलगे-मुली मिसळूनच.

मोठ्यांची तयारी

जूनमध्ये शाळा उघडते, प्रवेशांची धांदल संपायला पंधरा दिवस जातात. जुलैच्या पहिल्या दोन आठवड्यांत मोठ्यांच्या चार बैठका घ्याव्यात, प्रत्येकी दीड तासाची. ही तयारी वगळून सरळ गट पाडणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. बिनतयारीचा दादा पहिल्याच दिवशी भाषण ठोकतो, कारण मूल्यशिक्षण म्हणजे भाषण एवढंच त्याने आजवर पाहिलेलं असतं.

पहिली बैठक फक्त ऐकण्याची. दोघादोघांना समोरासमोर बसवून एकाने तीन मिनिटं आपली एखादी अडचण सांगायची. दुसऱ्याने फक्त तीन प्रश्न विचारायचे, एकही सल्ला द्यायचा नाही. “मग काय झालं?”, “तुला तवा कसं वाटलं?”, “आता काय करावं वाटायलंय?” एवढे पुरतात. नववीच्या मुलांना हे विलक्षण जड जातं. दुसऱ्या मिनिटाला “तू असं कर ना” बाहेर पडतंच. ते थांबेपर्यंत जोड्या बदलून पाच-सहा वेळा करून घ्यावं.

दुसऱ्या बैठकीत धाकट्यांचं मन कसं चालतं ते समजावावं. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे मुलांना दोन गोष्टी सांगून विचारत: एकाच्या हातून चुकून पंधरा कप फुटले, दुसऱ्याच्या हातून चोरून मुरंबा काढताना एकच कप फुटला, तर जास्त चूक कोणाची? लहान मुलं बहुतेक वेळा पंधरा कपवाल्याकडे बोट दाखवत. हेतूचा विचार वय वाढल्यावर येतो. ताईला हे माहीत असेल तर “तुला एवढंबी कळत नाही का?” असं ती म्हणणार नाही. ती विचारेल, “त्याने मुद्दाम केलं का? त्याला ठाऊक होतं का?” या दोन प्रश्नांनी धाकट्याचं लक्ष नुकसानीवरून माणसाकडे वळतं. दुसरी-तिसरीत निम्मं काम एवढ्यानंच होतं.

तिसरी बैठक मर्यादांची आहे. तिच्याविषयी पुढे सविस्तर. चौथ्या बैठकीत पाचवीच्या मुलांवर सराव: प्रत्येक जोडीने वीस मिनिटं गट घ्यायचा आणि शिक्षकाने मागे बसून एकच गोष्ट मोजायची, मोठे किती वेळ बोलले आणि धाकटे किती. मोठ्यांचं बोलणं एक तृतीयांशाच्या वर गेलं तर त्या जोडीचा सराव पुन्हा.

अर्ध्या तासाची बैठक

शनिवार सकाळची शाळा यासाठी उत्तम. ‘आनंददायी शनिवार’मध्ये हा तास सहज बसतो. जागा उघडी हवी: व्हरांडा, लिंबाखालचा पार, ध्वजस्तंभाजवळची फरशी. वर्गखोलीत आठ गट एकमेकांचा आवाज बुडवतात, आणि बंद दाराआड तर गट बसवायचाच नाही.

पहिली पाच मिनिटं विचारपूस. प्रत्येक लेकराने या आठवड्यातली एक चांगली आणि एक नकोशी गोष्ट सांगायची. सांगायची नसेल तर “पुढे” म्हणायचं, आणि तेवढ्यावर सोडून द्यायचं. मग दहा मिनिटं प्रसंग किंवा गोष्ट. नंतर दहा मिनिटं तोच प्रसंग करून बघायचा. शेवटची पाच मिनिटं ठरवण्याची: पुढच्या शनिवारपर्यंत गटातला प्रत्येक जण कोणती एक कृती करणार.

ही शेवटची पाच मिनिटं सगळ्यात जपायची, कारण घाईत तीच कापली जातात. कृती डोळ्यांना दिसेल अशी आणि लहान असावी. ‘मी सगळ्यांशी प्रेमाने वागेन’ ही कृती नाही. ‘पाण्याच्या रांगेत माझ्या पुढच्याला ढकलणार नाही’ ही आहे. ‘खरं बोलेन’ यापेक्षा ‘गृहपाठ झाला नसेल तर बाईंनी विचारायच्या आधी मी स्वतः सांगेन’. दादा-ताईंनीही गटासमोर आपली कृती सांगायची आणि पुढच्या शनिवारी आधी आपला हिशेब द्यायचा. जमली नसेल तर जमली नाही म्हणायचं. धाकटी मुलं मूल्यांविषयी ऐकलेलं फारसं लक्षात ठेवत नाहीत. दादाने सगळ्यांसमोर “माझं या आठवड्यात दोनदा चुकलं” म्हटलेलं मात्र विसरत नाहीत. उपक्रमाचा गाभा तोच आहे, बाकी सगळी मांडणी तिथपर्यंत पोचण्यासाठी.

प्रसंग मुलांच्या रोजच्या जगातले हवेत. किराणा दुकानाजवळ दहाची नोट सापडली. पोषण आहाराच्या रांगेत मित्राने पुढे घुसवून घेतलं. नवीन आलेल्या मुलीच्या बोलण्याला वर्ग हसला. वर्ग झाडायची पाळी आली तेव्हा एक मुलगा म्हणाला, “झाडून काढणं पोरींचं काम असतंय.” वही पाहून गणित उतरवून दिलं. घरी सांगितलं शाळेला सुट्टी आहे. असे पंचवीस-तीस प्रसंग एकेका कार्डावर लिहून ठेवले की वर्षाचं साहित्य तयार होतं. कार्डावर फक्त प्रसंग आणि शेवटी “मग?” एवढंच लिहावं. उत्तर छापलं की ताई ते वाचून दाखवते आणि विषय संपतो.

करून बघताना एक नियम कटाक्षाने पाळावा: चुकीचं वागणाऱ्याची भूमिका दादाने किंवा ताईने घ्यायची, धाकट्याने नाही. आडदांड मुलाची भूमिका खऱ्याच आडदांड मुलाला दिली तर तो ती आनंदाने वठवतो आणि आठवडाभर मैदानावर चालू ठेवतो. ज्याला नेहमी ढकललं जातं त्याला मात्र “थांब, माझा नंबर आहे” हे मोठ्या आवाजात म्हणायची संधी चार-पाच वेळा द्यावी. ते वाक्य एकदा गळ्यातून बाहेर पडलं की टाकीवर पण पडतं.

गोष्टी आपल्याच मातीत आहेत

मराठवाड्याला यासाठी बाहेर बघायची गरज नाही. पैठणचे एकनाथ, आपेगावचे ज्ञानेश्वर, नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबाकाका आपलेच आहेत. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला सगळे एका पंगतीत बसतात. बरीच लेकरं तिथं आजी-आजोबांबरोबर जेवून आलेली असतात.

अडचण गोष्टींची नाही, त्या सांगण्याच्या पद्धतीची आहे. “ते संत होते म्हणून त्यांना जमलं” असं वाटलं की मूल त्यातून सुटतं. नाथांची गोष्ट घ्या: भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक लेकरू रडत होतं, शिवाशीव मानणाऱ्या त्या काळात नाथांनी त्याला उचलून कडेवर घेतलं आणि घरी पोचवलं. गोष्ट चार-पाच मिनिटांत सांगून विचारावं, “त्या वाळवंटात तेव्हा आणखी कोण कोण असतील? ते कामून थांबले नसतील?” मुलं पटापट सांगतात: घाई होती, लोक काय म्हणतील याची भीती, आपलं काय जातंय. मग ताईने पुढचा प्रश्न टाकावा, “आपल्या शाळेत कोण रडत असताना आपण न थांबता गेलो?” इथं शांतता पसरली तर ती भरून काढू नये. दहा-पंधरा सेकंद थांबलं की कोणीतरी बोलतं. ‘तात्पर्य’ मात्र सांगायचं नाही. परिपाठात ते रोज ऐकू येतं.

गोरोबाकाकांच्या थापटीची गोष्ट तिसरीला रंजक वाटते, पण तिचा वापर जपून. ‘कच्चं मडकं’ हे चिडवण्याचं नाव होऊन बसतं आणि नेमक्या कमकुवत मुलाला चिकटतं. ती पाचवीच्या पुढेच बरी.

घरी विचारून येण्याची कामंही चांगली लागतात. “१९७२ च्या दुष्काळात आपल्या घरी कोण खडी फोडायला गेलं होतं, तेव्हा कोणी कोणाला मदत केली?” लातूर-धाराशिवच्या बाजूला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाविषयी विचारता येतं. मात्र ज्या घरात त्यात माणसं गेली आहेत तिथल्या मुलाला हे काम देण्याआधी शिक्षकाने पालकांशी बोलून घ्यावं.

पाणी आणि पंगत

दहापैकी बरीच मूल्यं शाळेत दोनच जागी पणाला लागतात. पाण्याची पाळी, टँकरची वाट, घागरींची रांग आपल्या मुलांनी घरी पाहिलेली असते. म्हणून पाण्याच्या रांगेवरचं काम त्यांना उपदेश वाटत नाही. जुलै-ऑगस्टचे पहिले चार शनिवार याच एका विषयाला द्यावेत. रांग कशी लावायची हे गटांनीच ठरवावं, पहिलीच्या लेकरांना आधी सोडायचं की नाही यावर मतदान व्हावं, बाटलीत उरलेलं पाणी झाडाच्या बादलीत जावं. गटांतून पाळीने दोन मोठे टाकीजवळ उभे राहतील, पण शिट्टी आणि छडी हातात नसेल. रांग मोडली तर ओरडायचं नाही. स्वतः रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं आणि मोडणाऱ्याला सोबत बोलवायचं. हे हळू चालतं, पण शिट्टी काढून घेतली तरी टिकतं.

पंगतीचं काम अधिक नाजूक आहे. कोण कोणाशेजारी बसतं, कोणाच्या ताटाजवळून कोण सरकतं यात गावातली जात शाळेत येते. गटात जातीचं नाव काढून चर्चा करू नये. ज्या लेकराला वेगळं पाडलं जातं त्याच्याकडेच सगळ्यांच्या नजरा वळतात. त्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस गटाने मिळून जेवायचं आणि बसण्याचा क्रम रोज चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो, त्यामुळे आठवीची ताई तेच जेवण घेऊन मध्ये बसू शकते; नववीचा दादा आपला डबा घेऊन बसेल. एखाद्या पालकाची तक्रार आली तर उत्तर मुख्याध्यापकांनी द्यायचं, मुलांनी नाही.

मर्यादा: इथं सैल पडू नये

मोठ्यांना हे पाठ नव्हे, समजून सांगावं. हात उगारायचा नाही, कान पिळायचा नाही, उठाबशा काढायला लावायच्या नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे, आणि शाळेच्या नावाने काम करणाऱ्या दादाकडूनही ती पाळून घेणं शाळेची जबाबदारी आहे. धाकट्यांकडून पाणी आणून घेणं, दप्तर उचलायला लावणं, दुकानात पाठवणं बंद. पैसे, खाऊ, भेटवस्तू देणं-घेणं बंद. मोबाइलवर धाकट्यांशी बोलणं, फोटो काढणं बंद. गट नेहमी शिक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात. वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत संध्याकाळचा गट भोजनकक्षात किंवा अंगणात बसेल, राहण्याच्या खोलीत कधीच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं गुपिताविषयी. धाकटं लेकरू विश्वास बसला की सांगतं: घरी दारू पिऊन मारतात, कोणीतरी नको तिथं हात लावतं, ताईचं लग्न ठरवलंय. “कुणाला सांगणार नाही” हे वचन मोठ्याने कधीही द्यायचं नाही. त्याने म्हणायचं ते वाक्य असं: “तू सांगितलंस ते लई चांगलं केलंस. तुझी चूक नाही. हे मी एकट्यानं सांभाळायचं नाही, आपण बाईंना सांगू, मी तुझ्यासोबत येतो.” त्याच दिवशी ठरलेल्या शिक्षिकेला सांगायचं, खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, मित्रांत बोलायचं नाही. पुढचं काम मोठ्या माणसांचं. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक प्रत्येक गटाला तोंडपाठ हवा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. ‘गावात बोभाटा नको’ म्हणून शाळेतच मिटवणं हा गुन्हा आहे. उपक्रम सुरू होण्याआधी हे शिक्षकांच्या बैठकीत आणि शाळा व्यवस्थापन समितीत स्पष्ट बोलून घ्यावं, आणि मोठ्या-धाकट्या दोघांच्याही पालकांची लेखी संमती घ्यावी.

ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांचं

बीड जिल्ह्यात आणि आसपासच्या तालुक्यांत दसरा-दिवाळीनंतर अनेक गावं निम्मी रिकामी होतात. गटातली दोन लेकरं फडावर गेली की ती जागा दुसऱ्याला देऊ नये. जाण्याच्या आधीच्या शनिवारी त्यांच्यासोबत तीन गोष्टी ठरवाव्यात: तिकडे करायची एक कृती, परत आल्यावर बसायची जागा आणि महिन्यातून एकदा शिक्षकांच्या फोनवरून गटाशी बोलण्याचा दिवस. जी मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात त्यांच्याकडे दादा-ताईने याच काळात जास्त लक्ष द्यावं. चिडचिड, मारामारी, वस्तू लपवणं वाढलं तर ते वळण बिघडल्याचं लक्षण नसून आई-बाप जवळ नसल्याचं असतं. शिक्षा केली की ते आणखी वाढतं.

पाडव्याच्या सुमारास मुलं परततात. पहिल्या शनिवारी त्यांना “काय काय बुडालं” हे विचारू नये. पहाटे गाडी भरताना, कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळताना त्यांनी काय काय केलं ते गटाला सांगायला लावावं. श्रमप्रतिष्ठेचा धडा देण्याचा अधिकार त्या गटात त्यांच्याइतका कोणालाच नाही.

बिघडतं कुठं

दादागिरी. दोन-तीन आठवड्यांत एखादा मोठा मॉनिटरसारखा वागायला लागतो: नावं लिहून घेतो, फळ्यावर टाकतो. बहुतेकदा याचं मूळ शिक्षकांत असतं. “तुझ्या गटातलं कोण गृहपाठ करत नाही?” असं एकदा विचारलं की दादा हेर होतो आणि धाकटे बोलायचे थांबतात. ताई-दादांकडून वह्या तपासून घेणं, वर्ग सांभाळून घेणं, हजेरी घेऊन घेणं यातलं काहीही करू नये.

लाडकं-दोडकं. चुणचुणीत, बोलकं लेकरू सगळ्यांना आवडतं आणि कोपऱ्यातलं राहून जातं. उपाय वहीत आहे. प्रत्येक मोठ्याने शंभर पानी वहीत बैठकीनंतर दोन ओळी लिहायच्या: आज कोण बोललं नाही, आणि पुढच्या वेळी मी काय वेगळं करणार. एकच नाव सलग तीन शनिवार ‘बोललं नाही’मध्ये आलं तर शिक्षकाने लक्ष घालावं. वह्या शाळेतच कपाटात कुलपात राहतील, घरी जाणार नाहीत.

बक्षिसं. ‘सर्वात प्रामाणिक विद्यार्थी’ असा बिल्ला सुरू झाला की सापडलेल्या पेन्सिली वाढतात. मुलं स्वतःचीच पेन्सिल आणून जमा करतात. कौतुक करायचं तर केलेल्या कामाचं, नाव घेऊन, तिथल्या तिथं: “तू आज त्याच्यासाठी थांबलास.” एवढं बास.

मोठा स्वतः चुकतो. दादा परीक्षेत कॉपी करताना सापडला तर काय? त्याला लगेच काढून टाकू नये, झाकूही नये. दोन आठवडे राखीव मुलाने गट घ्यावा, त्याने शिक्षकाशी बोलावं, आणि परत येताना गटाला स्वतः सांगावं. धाकट्यांना ते आधीच कळलेलं असतं. ते ऐकायला थांबलेले असतात. लहान मुलाला मारलं असेल तर मात्र परत घेणे नाही.

आणि थकवा. डिसेंबरपर्यंत मोठ्यांचा उत्साह ओसरतो. महिन्यातून एकदा सगळ्या मोठ्यांची चाळीस मिनिटांची बैठक हवीच, आणि तिथं शिक्षकाने मोठ्यांशी तसंच वागायचं जसं त्यांनी धाकट्यांशी वागावं अशी अपेक्षा आहे: आधी ऐकायचं.

फरक पडतोय का, हे कसं बघायचं

मूल्यांची लेखी परीक्षा घेऊ नये. मुलं बरोबर उत्तरं लिहितात. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आणि मग डिसेंबरमध्ये सलग पाच दिवस तीन गोष्टी मोजाव्यात. मधल्या सुट्टीच्या पहिल्या दहा मिनिटांत पाण्याची रांग किती वेळा मोडली. जेवताना किती लेकरं एकटी बसली. सापडलेल्या वस्तूंच्या पेटीत किती वस्तू आल्या आणि किती जणांनी आपली ओळखून परत नेली. मोजणी दूर उभ्या असलेल्या शिक्षकाने करावी, मुलांना न सांगता. आकडे शाळेच्या वहीत राहतील, फलकावर लागणार नाहीत. एकटं बसणाऱ्यांची संख्या कमी झाली नसेल तर बाकी काहीही सुधारलेलं दिसलं तरी गटांची रचना बदलावी.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेच्या आधीचा शनिवार निरोपाचा. नववीचे दादा-ताई दहावीत जाणार, म्हणजे हे काम सोडणार. हे धाकट्यांना मार्चपासूनच सांगत राहावं, अचानक नव्हे. शेवटच्या बैठकीत प्रत्येक मोठ्याने आपल्या पाचही लेकरांना त्यांच्यात वर्षभरात दिसलेली एकेक खरी गोष्ट सांगावी. आठवीतले जे नववीतही काम करायला तयार आहेत त्यांची यादी त्याच दिवशी करावी आणि सातवीतल्या इच्छुकांना प्रेक्षक म्हणून बोलवावं. शिक्षकाची बदली होण्याचा काळही मे-जूनच असतो, म्हणून कार्डं, यादी, संमतीपत्रं आणि मोजणीची वही मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवून तशी नोंद करावी, म्हणजे जूनमध्ये नवीन शिक्षकाला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही.